कंबरेसाठी कुठली डेडलिफ्ट? आणि आबांचं पोतं

आजचा भाग मी कुर्डुवाडीतून रेकॉर्ड करतोय, आमच्या घराच्या माळवदावर बसून. मधेच मालगाडीचा हॉर्न येईल. तो मी कापणार नाहीये, कारण जंक्शनच्या गावात हॉर्न कापत बसलो तर भागच उरायचा नाही.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: कंबर मजबूत करायची आहे, तर डेडलिफ्ट कुठली करू? साधी, सुमो, रोमानियन की ती पाय सरळ ठेवून करतात ती? आधी सांगतो, मी ट्रेनर नाही आणि डॉक्टरही नाही. बीटेक झालेला, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसणारा सॉफ्टवेअरवाला आहे. पण या प्रश्नाशी माझं जरा वैयक्तिक भांडण आहे. मागच्या वर्षी मी याच गावात डेडलिफ्ट करताना पडलो.

म्हणजे धाडकन नाही पडलो. वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून दोन महिन्यांसाठी घरी आलो होतो. पुण्यात वर्षभर जिम केलेली, त्यामुळे अंगात थोडी हवा होती. इथल्या जिममध्ये वर पत्रा, खाली फरशी, कोपऱ्यात कूलर. पहिल्याच आठवड्यात रॉडला दोन्ही बाजूंनी दहाच्या तीन-तीन प्लेटा लावल्या. रॉड वीस किलोचा, म्हणजे एकूण ऐंशी. पुण्यात मी हे वजन आरामात काढायचो. इथे चौथ्या रेपला कंबरेत अशी चमक निघाली की रॉड हातातून सुटला आणि मी तसाच वाकलेल्या अवस्थेत उभा. सरळही होता येईना आणि बसताही येईना. दोघांनी धरून रिक्षात घातलं.

घरी आईने बघितलं. एक शब्द बोलली नाही, गरम पाण्याची पिशवी आणून दिली. संध्याकाळी मात्र म्हणाली, "आबांची पाठ रोज बघतोस ना? तरी तुला ओझी उचलायचीच हौस?"

इथे आबांबद्दल सांगावं लागेल.

आबा म्हणजे माझे आजोबा. कुर्डुवाडी स्टेशनवर हमाल होते. प्रवाशांच्या बॅगा उचलणारे नाही, मालधक्क्यावरचे. तुमच्यातल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना कदाचित माहीत नसेल, पण आमच्या गावात दोन वेगळ्या मापांच्या रेल्वे भेटायच्या. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाइन आणि तिला येऊन मिळणारी अडीच फुटांची छोटी, बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती बांधली. १८९७ साली इथून बार्शीपर्यंत सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. मी शाळेत असेपर्यंत बार्शीकडची छोटी गाडी चालू होती, नंतर सगळं ब्रॉडगेज झालं.

आता इंजिनिअरच्या डोक्याने विचार करा. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर जाऊ शकत नाही. मग लातूर-बार्शीकडून आलेली ज्वारी, तूर, सरकी मुंबईला जाणार कशी? एका डब्यातून काढायची आणि दुसऱ्या डब्यात भरायची. हाताने, म्हणजे पाठीने. आबांनी आयुष्यातली तीस-पस्तीस वर्षं हेच केलं. पोतं शंभर किलोचं. दिवसाला किती पोती, हा आकडा आबा दर वेळी वेगळा सांगतात, म्हणून तो मी इथे देत नाही. आज आबा ऐंशीच्या पुढे आहेत आणि चालताना त्यांची नजर जमिनीकडे असते. आदराने नव्हे, पाठ तेवढीच उघडते.

तर आईचं म्हणणं असं की वजनाने पाठ जाते, पुरावा घरात आहे. आणि माझं म्हणणं असं की वजनानेच पाठ बनते. पण पुरावा? पुरावा म्हणजे मी, गादीवर आडवा.

तीन आठवडे काम पडल्या पडल्या केलं. लॅपटॉप पोटावर ठेवून स्टँडअप मीटिंग, कॅमेरा बंद. एका डॉक्टरांनी पट्टा दिला आणि आयुष्यात परत जड उचलू नका म्हणाले. सोलापूरच्या फिजिओंनी तपासलं, पायात मुंग्या येतात का, गुडघ्याखाली कळ जाते का, सगळं विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, स्नायू धरलाय, उठा आणि चालायला लागा. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं, हा प्रश्न खरा होता. अठ्ठाविसाव्या वर्षी "आता आयुष्यभर जपून" हे वाक्य ऐकल्यावर माणसाची झोप उडते. आमच्याकडे वीस लिटरचा पाण्याचा जार येतो, तो रोज मी उचलून स्टँडवर ठेवायचो. त्या तीन आठवड्यांत तो आई उचलत होती. मी बघत होतो.

चालायला लागल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर टेप घेऊन जिममध्ये गेलो. कारण माझं डोकं एकाच गोष्टीवर अडकलं होतं: पुण्यात जे वजन निघतं ते इथे का निघालं नाही? कोड तोच, मग सर्व्हरवर फरक काय?

फरक सापडला. पुण्याच्या जिममधली मोठी प्लेट ४५ सेंटीमीटर व्यासाची होती, स्पर्धेत हेच माप असतं. म्हणजे जमिनीवर ठेवलेला रॉड मधोमध, साडेबावीस सेंटीमीटर उंचीवर. आमच्या इथल्या दहाच्या लोखंडी प्लेटेचा व्यास निघाला ३२. म्हणजे रॉड फक्त १६ वर. मी न कळता साडेसहा सेंटीमीटर जास्त खाली वाकत होतो. याला डेफिसिट डेडलिफ्ट म्हणतात. लोक मुद्दाम फळीवर उभं राहून ती करतात, तीही मुरलेले लोक आणि कमी वजनाने. मी ती पहिल्याच आठवड्यात, दिवसभर खुर्चीत बसून आखडलेल्या मांड्या घेऊन केली. तेवढं खाली जायला मांडीमागचे स्नायू सोडत नाहीत, मग शरीर ती उरलेली उंची कंबर गोल करून भरून काढतं. तिथेच माझं काम झालं.

जाता जाता: तो वीसचा रॉड मी आडतीवरच्या काट्यावर नेऊन ठेवला. साडेचौदा भरला. म्हणजे मी ऐंशीखाली नाही, साडेचौऱ्याहत्तरखाली पडलो होतो. दुखणं वाढलं.

आता मुद्द्याचा हिशेब. डेडलिफ्टमध्ये कंबर वजन उचलत नाही. उचलतात मांड्या आणि ढुंगण. कंबरेचं काम धरून ठेवणं, म्हणजे मणका आहे त्या आकारात घट्ट ठेवणं. समजा ऐंशी किलो आहे आणि वाकलेल्या अवस्थेत रॉडची उभी रेषा कंबरेच्या खालच्या सांध्यापासून ३५ सेंटीमीटर पुढे आहे. मणक्याला मागून धरणारे स्नायू मात्र त्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर मागे असतात. सी-सॉ आठवा. ८० गुणिले ३५ भागिले ५, म्हणजे ५६० किलोचा ताण त्या स्नायूंवर. तुमच्या स्वतःच्या धडाचं वजन यात धरलेलंच नाही. आणि रॉड नडगीपासून दहा सेंटीमीटर पुढे सरकला, तर त्याच ऐंशी किलोला आणखी १६० किलोचा ताण वाढतो. हिशेब ढोबळ आहे, पण वजन न बदलता फक्त अंतर बदललं तर काय होतं, ते यातून कळतं.

म्हणून डेडलिफ्टचा प्रकार निवडताना मी नाव बघत नाही. वजन कंबरेपासून किती लांब जातंय, मला किती खाली वाकावं लागतंय आणि त्या अवस्थेत किती वेळ धरावं लागतंय, एवढंच बघतो.

या नजरेने सुमो बघा. पाय फाकवून, हात पायांच्या आत. धड जास्त उभं राहतं, त्यामुळे कंबरेवरचा ताण साध्या डेडलिफ्टपेक्षा कमी. ज्यांची कंबर कुरकुरते आणि ज्यांना जांघा मोकळ्या सोडता येतात, त्यांना सुमो बरी. पण कंबरच मजबूत करायची असेल तर हा सगळ्यात सरळ रस्ता नाही, कारण तिचं काम आपणच कमी केलंय. सुमो म्हणजे चीटिंग, या रीलवरच्या भांडणात मी पडत नाही. ट्रॅप बारचं तसंच. षटकोनी रॉड असतो, माणूस आत उभा राहतो, वजन पुढे न राहता दोन्ही बाजूंना येतं. दुखण्यातून परत येताना याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त कुर्डुवाडीत तो नव्हता. मी वेल्डिंगवाल्याला चित्र काढून दिलं. त्याने विचारलं, "गेटला लावायचाय का?" बनवून दिला, चांगला बनवला, थोडा तिरका आहे.

पण माझी खरी सुरुवात रोमानियनने झाली. निकू व्लाद हा रुमानियाचा वेटलिफ्टर, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला. १९९० मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या एका जिममध्ये हा व्यायाम करत होता, बघणाऱ्यांनी विचारलं याला काय म्हणतात, आणि नाव पडलं रोमानियन डेडलिफ्ट. यात रॉड जमिनीवरून उचलायचाच नाही. उभं राहून हातात घ्यायचा, गुडघे किंचित सैल, आणि ढुंगण मागे न्यायचं. हात भरलेले असताना मागचं दार ढुंगणाने ढकलतो ना, अगदी तसं. रॉड मांडीला घासत गुडघ्याच्या जरा खाली जातो आणि मांडीमागे ताण आला की तिथूनच परत. प्लेट छोटी आहे की मोठी, काही फरक पडत नाही, कारण जमिनीला टेकायचंच नाही. जिथे कंबर गोल व्हायला लागते, तिथे तुमची मर्यादा. माझी पहिल्या महिन्यात गुडघ्यावरच संपत होती.

त्याआधी दोन आठवडे फक्त झाडूच्या दांड्याने केलं. दांडा पाठीवर उभा धरायचा, डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाला, असा तीन ठिकाणी टेकलेला. वाकताना एकही ठिकाण सुटलं की चूक. आई म्हणाली, झाडायचं सोडून हे काय चाललंय.

मग वीस किलो, आठ-आठचे तीन सेट, आठवड्यातून दोन दिवस. आमच्याकडे सगळ्यात छोटी प्लेट अडीचची, दोन्ही बाजूंना लावली की उडी पाचची होते. म्हणून तेच वजन दोन-तीन आठवडे ठेवायचो आणि आधी रेप वाढवायचो. प्रत्येक सेट अजून तीन रेप निघतील अशा ठिकाणी थांबवायचा. हे सगळ्यात अवघड. वजन उचलणं सोपं आहे, ठेवून देणं नाही. श्वास पोटात भरायचा आणि खोकताना पोट जसं कडक होतं तसं धरायचं. पट्टा मी वापरला नाही.

दीड-दोन महिन्यांनी जमिनीवरून उचलायला आलो, पण जमीन वर आणून. सुताराकडून साडेसहा सेंटीमीटर जाडीचे दोन लाकडी ठोकळे कापून घेतले, प्लेटांच्या खाली ठेवायला. बस्स, रॉड पुण्याच्या उंचीवर. तुमच्या गावच्या जिममध्ये प्लेटा छोट्या असतील तर आजच्या भागातून एवढी एकच गोष्ट घ्या. टेप न्या, मोजा, ठोकळे ठेवा. ज्यांची उंची जास्त आहे किंवा मांड्या फारच आखडल्यात, त्यांनी आणखी उंच ठेवावेत. गुडघ्याच्या वर मात्र नको. तिथून नव्वद टक्के पोरं तिप्पट वजन लावून व्हिडिओ काढतात आणि कंबरेला काहीच शिकवत नाहीत.

ते जमलं की पॉज. रॉड जमिनीपासून दोन बोटं उचलायचा आणि दोन सेकंद तिथेच थांबायचं. नेहमीपेक्षा वीस-तीस टक्के कमी वजन. कंबरेला जे धरून ठेवायचं काम आहे, त्याचा हा सरळ सराव. आणि मध्ये मध्ये एका हाताची डेडलिफ्ट. एकाच बाजूला डंबेल ठेवून ते सुटकेससारखं उचलायचं आणि धड तिरकं होऊ द्यायचं नाही. पाण्याची एक बादली घेऊन चालणं हा त्याचाच भाऊ. याने कमरेच्या बाजूचे स्नायू जागे होतात, जे साध्या डेडलिफ्टमध्ये झोपा काढतात.

पाय जवळपास सरळ ठेवून जमिनीवरून करायची स्टिफ-लेग डेडलिफ्ट कंबरेला सगळ्यात जास्त लागते, कारण धड आडवं होतं आणि अंतर वाढतं. म्हणूनच ती सगळ्यात शेवटी. मी पाच महिन्यांनी सुरू केली, निम्म्याहून कमी वजनाने. गुड मॉर्निंग नावाचा प्रकार मी करत नाही, मला भीती वाटते. कारण दुसरं काही नाही.

अजून एक, सकाळी उठल्या उठल्या वाकायचे व्यायाम नकोत. रात्रभर झोपलेलं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी ओढून फुगतात, सकाळी आपली उंचीही थोडी जास्त भरते. तेव्हा वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. तासभर तरी जाऊ द्या. आणि गुडघ्याखाली कळ जात असेल, पाय बधिर पडत असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा बदलल्यासारखा वाटत असेल, तर पॉडकास्ट बंद करून डॉक्टरकडे जा. शेवटचं असेल तर त्याच दिवशी.

आता परत आबा.

मी माळवदावर ठोकळे ठेवून करत होतो तेव्हा ते खाटेवर बसून बघत होते. एके दिवशी मी विचारलं, आबा, शंभर किलोचं पोतं तुम्ही खालून कसं उचलायचात? म्हणाले, "खालनं? येडा हाईस का? खालनं एकटा कोण उचलतंय?" दोघं आकडे लावून पोतं वर करायचे, तिसरा पाठ देऊन खाली शिरायचा, आणि मग फळीवरून चालत दुसऱ्या डब्यात. वजन थेट पाठीवर, मणक्याला चिकटून. माझा ३५ सेंटीमीटरचा हिशेब आबांनी कागद न घेता सोडवून ठेवला होता.

मग विचारलं, तर पाठ कशाने गेली? जरा वेळ गप्प होते. म्हणाले, वॅगन आली की रिकामी होईस्तोवर थांबायचं नसतं. ताप असला तरी. थांबलं की हजेरी गेली.

माझ्याकडे तीन रेप शिल्लक ठेवून थांबायची सोय आहे. दोन दिवसांत अट्ठेचाळीस रेप, आणि मधे सुट्टी. आबांना ती नव्हती. हमालांच्या संघटनांनी पोतं शंभराचं पन्नासवर आणायला किती वर्षं भांडण केलं, हे मी नंतर वाचलं. बाबा आढावांचं नाव ऐकून होतो, पण त्यांची हमाल पंचायत नेमकी कशासाठी लढली, हे मला माझी कंबर धरल्यावर कळलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती की पुरुषाने नेहमी उचलायचं ओझं ५५ किलोच्या वर नसावं. तेव्हा आबा बाविशी-तेविशीत होते आणि त्यांच्या पाठीवर शंभर.

हे मी आईला सांगितलं. वजनाने नाही गेली पाठ, न थांबल्याने गेली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वजनानेच ना?" भांडण अजून चालू आहे. जार आता परत मी उचलतो, पण ती दारात उभी राहून बघते.

सध्या ठोकळ्यांवरून नव्वद किलोचे पाच निघतात. रॉड साडेचौदाच धरून, बरं का. परवा शेवटच्या सेटला आबा खाटेवरून ओरडले, "गुडघं सैल सोड जरा, ताठ कशापायी ठेवलंस?" मी व्हिडिओ बघितला. खरंच ताठ होते.

तुमच्या जिमच्या प्लेटा मोजून मला पाठवा, गावाचं नाव टाकून. पुढच्या भागात ते आकडे वाचतो. येतो.